शैक्षणिक कर्जमाफीचा कागद आणि मामाच्या नावाची नोटीस

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या मामाला बँकेची नोटीस आली. मामाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. सोसायटीचा एक हप्ता त्याने कधी चुकवलेला नाही. २०१७ साली मला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा साडेसहा लाखांच्या शैक्षणिक कर्जाला तो जामीन राहिला. कर्ज चार लाखांच्या वर गेल्यामुळे बँकेने तिसऱ्या माणसाची हमी मागितली, आणि आमच्याकडे दुसरं कोण होतं? नोटीस आली ती माझ्यामुळे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन हप्ते मी भरले नव्हते. हातात पैसे होते, तरी भरले नव्हते, कारण माझं कर्ज माफ झाल्याचं प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये होतं.

हे मी का खरं मानलं ते नीट सांगतो. शिकलेला मुलगा असा कसा फसला, असं वाटून कोणी पुढचं वाचायचं सोडू नये.

आमच्या घरात कर्जमाफी झालेली आहे. २०२० साली महात्मा जोतीराव फुले योजनेत वडिलांचं पीककर्ज माफ झालं. यादीत नाव आलं, सेवा केंद्रात जाऊन आधारवर अंगठा दिला आणि काही दिवसांत कर्जखातं शून्य झालं. वडील त्या रात्री निवांत झोपले होते, ते मी पाहिलंय. त्यामुळे सरकार कर्ज माफ करतं ही माझ्यासाठी ऐकीव गोष्ट नव्हती. शेतकऱ्याचं होतं, मग शेतकऱ्याच्या इंजिनिअर झालेल्या पोराचं का होणार नाही? चाकणला मी २०२२ मध्ये १९,००० पगारावर लागलो आणि पहिल्या महिन्यापासून ११,४०० चा हप्ता सुरू झाला. खोलीभाडं आणि मेस भागवून घरी पाठवायला काही उरत नसे.

जानेवारी २०२५ मध्ये कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला: विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी केंद्राची शैक्षणिक कर्जमाफी, जागा मर्यादित, रविवारी पिंपरीत माहिती मेळावा. पाठवणारा आमच्याच वर्गातला होता. त्याने स्वतः पैसे भरले होते आणि तोही आमच्यासारखाच बुडाला, हे नंतर कळलं.

हॉलमध्ये शंभरेक मुलं होती. बोलणाऱ्या गृहस्थांनी आधी खऱ्या बातम्यांची कात्रणं दाखवली, आणि इथेच आमचा घात झाला. पहिलं कात्रण अमेरिकेचं: ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी जाहीर केलेली विद्यार्थी कर्जमाफी. दुसरं नोव्हेंबर २०२४ मधलं: केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केल्याचं. दोन्ही बातम्या खऱ्याच. पण अमेरिकेतली ती माफी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली, हे त्यांनी सांगितलं नाही. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमध्ये शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत मिळते. जुन्या पदवीधराचं मुद्दल माफ करण्याशी तिचा काही संबंध नाही. मोबाइलवर पाच मिनिटं शोधलं असतं तर हे कळलं असतं. मी शोधलं नाही. मला ते खरं हवं होतं.

नोंदणी १,१८० रुपये, म्हणजे हजार अधिक जीएसटी. त्याची पावतीही मिळाली. मग ‘कायदेशीर शुल्क’ शिल्लक कर्जाच्या तीन टक्के. माझे सात लाखांच्या आसपास शिल्लक होते, म्हणून २१,०००. यूपीआयने दिले. खातं कुठल्याशा व्यक्तीच्या नावावर होतं. सरकारी फी व्यक्तीच्या खात्यात कशी जाईल, हा प्रश्न मनात आला होता. शेजारचा मुलगा भरत होता, मीही भरले.

आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं. जाड कागद, वर राजमुद्रा, खाली लाल शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केला की एका वेबसाइटवर माझं नाव आणि कर्जखात्याचा क्रमांक दिसायचा. ‘सदर कर्जदारास उक्त कर्जातून मुक्त घोषित करण्यात येत आहे.’ सोबत तोंडी सूचना: आता हप्ता भरायचा नाही, भरलात तर तुमची फाइल रद्द होईल. बँकेचा फोन आला तर बोलायचं नाही, आमचे वकील बघतील.

बँकेचे फोन आले. मी उचलले नाहीत.

नोटीस घेऊन मामा वडिलांबरोबर बँकेत गेला. मी चाकणहून रजा टाकून पोचलो तेव्हा दोघं बाकावर बसले होते. शाखाधिकारी मॅडमनी तो कागद पाहिला आणि विचारलं, "याचे किती दिलेत?" आकडा सांगताना मला मान वर करता येईना. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी संगणकावर रिझर्व्ह बँकेचं ११ डिसेंबर २०२३ चं निवेदन उघडून माझ्याकडे वळवलं. काही लोक कर्जमाफीच्या जाहिराती करून, कसलाही अधिकार नसताना सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेऊन ‘कर्जमाफीची प्रमाणपत्रं’ देतात, त्यांच्यापासून सावध राहा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझ्या मेळाव्याच्या वर्षभर आधीचं. "सरकारने माफी दिली तर पैसे सरकारकडून आमच्याकडे येतात, आणि खातं आम्हीच बंद करतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचं तसंच झालं होतं ना? तेव्हा कोणी तुमच्याकडून एक रुपया घेतला होता का?"

घेतला नव्हता. ही तुलना मी स्वतः एकदाही केली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, शिकत असताना व्याज अनुदान घेतलं होतं का? २००९ पासून केंद्राची ती योजना आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातला मुलगा तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण घेत असेल तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी बँकेत वेळेत उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. आमचं उत्पन्न त्यात बसत होतं. दाखला आम्ही दिलाच नव्हता, कोणी सांगितलंही नव्हतं. खरी मदत त्याच काउंटरवर होती, आणि खोटीसाठी मी पिंपरीत रांगेत उभा राहिलो. याचं दुःख मला २२,१८० रुपयांपेक्षा जास्त आहे.

९० दिवस उलटल्यामुळे खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत जमा झालं होतं. थकलेले हप्ते आणि दंडशुल्क मामाने द्राक्षाच्या पैशातून भरलं, ते मी आता त्याला फेडतोय. तो मला एका शब्दाने बोलला नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज दिलाय. खरं तर पगार पुरत नव्हता तेव्हाच तो द्यायला हवा होता. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला तो माझ्या आणि जामीनदार म्हणून मामाच्याही नावावर.

त्या लोकांचे फोन मे महिन्यातच बंद झाले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन तीन महिने झाले होते. लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. माझे केव्हाच काढून घेतले होते.

आणखी एक. नोंदणीच्या वेळी मी आधार, पॅनच्या प्रती आणि सही केलेले दोन कोरे चेक दिले होते. तुम्हीही दिले असतील तर हे वाचून झाल्यावर आधी बँकेत जा आणि त्या चेकचं पेमेंट थांबवा. मग सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि तुमच्या नावावर तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसतंय का ते पाहा. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या अहवालात तसं एक निघालंय.