लातूरचा गुळाचा चहा: चहा एक नंबर, पाटी मात्र वाचू नका

गंजगोलाईच्या एका गल्लीत गुळाच्या चहाचं छोटं दुकान आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं जरा बोलणार आहे त्यांना. आधी चहाचं सांगतो, लई भारी. अद्रक खलबत्त्यात ठेचून टाकतात, इलायची बेताची, अन् गूळ काळपट, ती पिवळीधमक ढेप नाही जिला हायड्रोस नावाचं केमिकल मारून रंग उजळवलेला असतो. दूध फाटत कसं नाही म्हणून लोकांना नवल वाटतं, पण त्यात जादू काही नाही, गुळात थोडा आंबटपणा अन् क्षार असतात, उकळत्या दुधात टाकला की नासायची भीती, इथला गडी पातेलं खाली उतरवतो अन् मग गूळ हलवतो, बस्स एवढंच.

आता पाटी. गल्ल्याच्या मागं भिंतभर फ्लेक्स लावलाय, "शुगरवाल्यांसाठी बेस्ट", "रक्त वाढवा", "कॅफिन फ्री ग्रीन टी". माझ्या बाजूला एक काका उभे होते, म्हणे मला शुगर हाय म्हणून मी गुळाचाच पितो, अन् दुसरा कप घेतला की त्यांनी! अहो काका, गूळ म्हणजे उसाचा रसच आटवलेला, १०० ग्रॅम गुळात ६५ ते ८५ ग्रॅम नुसतं सुक्रोज, म्हणजे आपली साखरच, वर ग्लुकोज-फ्रुक्टोज वेगळं. रक्तातली शुगर वाढायची ती वाढतेच, अन् गूळ जरा कमी गोड लागतो म्हणून चमचाभर जास्तच पडतो.

रक्ताचं तर त्याहून गमतीशीर. गुळात लोह थोडंफार असतं, खरंय, पण ते घालता कशात तर चहात, अन् चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. डाळ, पालेभाजी, बाजरी यातलं लोह तर मटण-मच्छीतल्यापेक्षा जास्तच अडतं. आपल्याकडं बायकांना जेवण झालं की लगेच चहा लागतो अन् हिमोग्लोबिन कमी निघालं की पुन्हा गुळाचाच चहा वाढवतात, त्यापेक्षा जेवण अन् चहात तासभर तरी अंतर ठेवा ना.

ग्रीन टी काही वेगळ्या झाडाचा नसतो, झाड तेच, पान ऑक्सिडाइझ होऊ न देता वाळवतात एवढाच फरक, कॅफिन असतंच. कडक चहापेक्षा सहसा कमी, पण "फ्री" कुठून आणलं बाबा. ज्याला रात्री झोप येत नाही त्यानं त्या फ्लेक्सवर विसंबून संध्याकाळी दोन कप मारले तर छताकडं बघत बसेल.

चहानं पोरं काळी पडतात असं एक आजी नातवाला सांगत होत्या, ते काही फ्लेक्सवर नव्हतं, दुकानाला दोष नाही. रंग कातडीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा, पत्तीचा नाही. पोरांना चहा नकोच, पण ते झोप बिघडते अन् लोह अडतं म्हणून.

जे लिहायला पाहिजे ते मात्र कुठंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २०१६ ला सांगितलंय, ६५ डिग्रीच्या वर गरम पेय पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका असू शकतो, मग ते चहा असो की नुसतं पाणी. अन् इथं पातेल्यातून थेट कागदी कपात, बशी नाहीच. आपले म्हातारे बशीत ओतून फुंकून प्यायचे ते काय येडे नव्हते. काचेचे ग्लास आहेत, पण मागितले तरच काढतात, त्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो म्हणून मी तरी ग्लासच मागतो.

पाचपैकी चार स्टार, एक पाटीचा कापला. गाडी गोलाईत आणू नका, लावायला जागा मिळत नाही. शुगरवाल्यांनी बिनगुळाचा सांगायचा, तोंड वाकडं न करता करून देतात, फक्त सकाळी लवकर जा, गर्दी वाढली की एकाच मोठ्या पातेल्यात गूळ घालूनच ठेवलेला असतो.