डिस्नेलँडची पोस्टकार्डं, चेपलेल्या पेनी आणि मागितल्यावरच मिळणाऱ्या गोष्टी

डिस्नेलँडला दिवसभरासाठी जाणारा माणूस रांगा, ॲप आणि जेवणाच्या वेळा यांचा हिशोब मांडूनच आत शिरतो. त्या हिशोबात पोस्टकार्ड नसतं, चेपलेलं नाणं नसतं, कात्रीनं कापून मिळणारी चेहऱ्याची छायाकृती नसते. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला हे पार्क १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, आणि यातल्या कित्येक गोष्टी तिथे सुरुवातीच्या काळापासून चालत आल्या आहेत. हे परीक्षण फक्त त्यांचं. मत आधीच सांगतो: जिथे अजून कुणी माणूस समोर उभा राहून हातानं काही करून देतो, तिथे या प्रथा ठणठणीत आहेत. ज्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसल्या, त्यांची रया गेली. पोस्टकार्ड दुसऱ्या गटात मोडतं. तरी ते पाठवावंच, फक्त थोडी तयारी करून.

पोस्टकार्ड आणि चेपलेलं नाणं ही जोडी मुळातच मोठ्या प्रदर्शनांतून आलेली आहे. शिकागोत १८९३ साली वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन भरलं, तिथे अधिकृत सचित्र कार्डं विकायला होती, आणि यंत्राच्या रोलरांमध्ये दाबून लांबोळी केलेली नाणीही अमेरिकेत त्याच प्रदर्शनापासून दिसू लागली. त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस डिस्ने सुतारकाम करत होते. वॉल्ट डिस्ने हे त्यांचे चिरंजीव. या दोन वस्तूंना पार्कात जुन्या नात्याचा मान मिळायला हवा, ही अपेक्षा त्यामुळे वावगी वाटत नाही.

आधी दुकानातला माल. निवड तोकडी आहे. किल्ला, मिकी आणि मंडळी, पार्काचं नाव मोठ्या अक्षरांत, अनेक फोटोंचा एकत्र मेळ, इतकंच बहुतेक वेळा दिसतं. पूर्वी जवळजवळ प्रत्येक राइडचं वेगळं कार्ड निघायचं: मार्क ट्वेन बोट, मोनोरेल, पाणबुड्या, जंगल क्रूझमधले हत्ती. साधा दिवसाउजेडातला फोटो, त्यात रांगेत उभी असलेली खरीखुरी माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या टोप्या. आजच्या कार्डांवर माणसंच दिसत नाहीत, आणि सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. पार्कातल्या मेन स्ट्रीटवरच्या एम्पोरियम या दुकानापासून शोध सुरू करा. स्टँड दिसला नाही तर विचारा, कारण कार्डं बऱ्याचदा फ्रेम किंवा वह्या-पेनांजवळ एखाद्या कोपऱ्यात असतात.

कार्ड घेताना चित्राच्या आधी पाठ बघा. उजेडात तिरकं धरून पाठीमागची बाजू चमकली तर तिच्यावर लेप आहे असं समजा. अशा पाठीवर जेल पेनची शाई वाळत नाही. टपालात दुसऱ्या पाकिटाला घासून ती फरफटते आणि पत्ता वाचता येत नाही. मॅट, किंचित खरखरीत पाठ असेल तर साधं बॉलपेन उत्तम. चमकणारी पाठ घ्यावीच लागली तर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका.

आकाराचाही प्रश्न असतो. अमेरिकी टपालात पोस्टकार्डाचा स्वस्त दर लागू व्हायला कार्ड आयताकृती हवं, लांबी ५ ते ६ इंच, उंची साडेतीन ते सव्वाचार इंच आणि जाडी ०.००७ ते ०.०१६ इंच. ४ बाय ६ इंचाचं नेहमीचं कार्ड यात बसतं. मिकीच्या डोक्याच्या आकारात कापलेलं, लाकडी किंवा हलवल्यावर चित्र बदलणारं जाड प्लॅस्टिकचं कार्ड बसत नाही. टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रातून ते सरळ जात नाही, म्हणून त्याला पत्राचा दर आणि वर जादा शुल्क लागतं. पोस्टकार्डाचं तिकीट लावून तसं कार्ड पेटीत टाकलं तर ते परत येतं किंवा ज्याला पाठवलं त्याच्याकडून पैसे मागितले जातात. ही कार्डं सुंदर असतात, पण ती पाकिटात घालून पाठवा.

लिहिताना पत्त्याच्या बाजूला खालची साधारण १६ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे ५/८ इंच, कोरी सोडा. वर्गवारीचं यंत्र तिथे बारकोड छापतं. तुमच्या शेवटच्या दोन ओळी तिथे असतील तर बारकोड त्यांच्यावरच येईल, किंवा वर पांढरी चिकटपट्टी बसेल. ती सोलायला गेलं की खालचा कागदही निघतो. दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर मजकूर खुशाल मराठीत लिहा, पण देशाचं नाव पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, एकटं आणि मोठ्या रोमन अक्षरांतच हवं. अमेरिकेतल्या वर्गवारीला तेवढी एकच ओळ पुरते.

टपालाची तिकिटं बाहेरूनच घेऊन या. परदेशी जाणाऱ्या कार्डाला गोल आकाराचं ग्लोबल फॉरेव्हर तिकीट लावा. ते एकदा घेतलं की नंतर दर वाढला तरी चालतं. देशातल्या देशात साधं फॉरेव्हर तिकीट चालतं, पण पोस्टकार्डाला ते गरजेपेक्षा महाग पडतं. पाचाहून जास्त कार्डं पाठवायची असतील तर पोस्टकार्डाची वेगळी तिकिटं घेणंच परवडतं.

पार्कात टाकायचं असेल तर पेटी खरी आहे की जुन्या काळाचा देखावा उभा करायला ठेवलेली, हे पार्कातल्या सिटी हॉलमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या कार्यालयात, विचारून घ्या. आणखी एक अपेक्षा आधीच सोडून द्या. अमेरिकेत पेट्यांमधलं टपाल विभागीय केंद्रात जातं आणि ठसा तिथेच बसतो, म्हणून कार्डावर पार्काचं नाव उमटत नाही. या बाबतीत तोक्यो डिस्नेलँड कितीतरी पुढे आहे. तिथल्या पार्कातल्या पेटीत टाकलेल्या कार्डावर डिस्नेचं चित्र असलेला खास ठसा बसतो. जपानमधल्या जपानमध्ये कार्डाला ऑक्टोबर २०२४ पासून ८५ येन लागतात, म्हणजे घरी बसलेल्या माणसाला याहून स्वस्त आणि याहून मोलाची आठवण मिळणं कठीण. कॅलिफोर्नियानं ही एकच गोष्ट उचलली तरी पोस्टकार्डात पुन्हा जीव येईल.

नव्या मालावर समाधान होत नाही म्हणून बरेच जण जुन्या कार्डांकडे वळतात. तो बाजार मोठा आहे आणि त्यात वर्षांबद्दल वाटेल ते सांगितलं जातं. विक्रेत्याचं न ऐकता कार्डालाच विचारा. मागे ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असं छापलं असेल तर मजकूर १९८६ च्या आधीचा आहे, कारण त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीचं नाव ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ झालं. छापील पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर कार्ड जुलै १९६३ नंतरचं. मग चित्र उलटून बघा. क्षितिजावर पार्कातला मॅटरहॉर्नचा कृत्रिम डोंगर दिसतोय? १९५९ किंवा नंतर. मोनोरेल आणि पाणबुड्याही त्याच वर्षीच्या. पार्काच्या टुमॉरोलँड या भागात प्लॅस्टिकचं ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ दिसलं तर फोटो १९५७ ते १९६७ मधला. पीपलमूव्हर ही छोट्या डब्यांची राइड चालू असेल तर १९६७ ते १९९५. आकाशात स्कायवेच्या डोल्या असतील तर १९५६ ते १९९४. पार्कातला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर हा भाग १९६६ चा. त्यातली हाँटेड मॅन्शन ही राइड १९६९ ला सुरू झाली, पण तिची इमारत १९६३ पासूनच उभी होती.

यात एक फसगत नेहमी होते. चित्रावरून फोटोचं वर्ष कळतं, कार्ड छापल्याचं नाही. खपणारा फोटो वर्षानुवर्षं पुन्हा छापला जायचा, त्यामुळे १९६० चा फोटो असलेलं कार्ड त्यानंतर कितीतरी वर्षांनीही छापलेलं असू शकतं. म्हणून चित्रातली सगळ्यात नवी वस्तू, पाठीवरचं कंपनीचं नाव आणि टपालाचा ठसा या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहूनच किंमत ठरवा. जुनी कार्डं बहुतेक साडेतीन बाय साडेपाच इंचांची असतात, ४ बाय ६ च्या पाकिटात ती सैल हलतात आणि कोपरे दुमडतात. त्यांच्या मापाची पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत. रबरबँड तर कधीच लावू नका.

चेपलेल्या पेनीला पूर्ण गुण. यंत्र उघड्यावर असतं, दातेरी चाकं डोळ्यांसमोर फिरतात, आणि एक सेंटचं नाणं लांबट होऊन खाली पडतं. ठसा कसा उमटतो हे मात्र नाण्यावर अवलंबून असतं आणि तिथेच बहुतेकांचं बिघडतं. १९८२ च्या आधीची पेनी ९५ टक्के तांब्याची आणि ३.११ ग्रॅम वजनाची. त्यानंतरची २.५ ग्रॅमची, आत ९७.५ टक्के जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. दाब पडला की हा मुलामा ताणला जाऊन फाटतो आणि चित्रावर रुपेरी रेघा उमटतात. जुन्या पेनीवर रेघ येतच नाही. १९८२ या वर्षी दोन्ही प्रकार निघाले, त्या सालची नाणी तोलल्याशिवाय घेऊ नका. मुळात मिश्रित धातूच्या रेघा आवडतात असेही लोक आहेत. त्यांनी क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, चेपणारं यंत्र शोधावं, कारण त्याच्या आतला तांब्याचा गाभा कडेनं डोकावतो.

नाणं चेपण्याआधी साध्या पेन्सिलीच्या खोडरबरानं घासा. मळ राहिला तर तो ठशात दाबला जाऊन काळे डाग कायमचे राहतात. आधी बाण फिरवून चित्र निवडा, मगच नाणी घाला. क्रम चुकला तर आधीच्या माणसानं निवडलेलं चित्र पदरात पडतं. हँडल एकाच दिशेनं, सावकाश आणि न थांबता फिरवा. मध्येच थांबून उलटं फिरवलं तर नाणं सरकतं आणि चित्राची एक बाजू कापली जाते. जुन्या यंत्रांचा ठरलेला दर दोन क्वार्टर आणि आपली पेनी, म्हणजे ५१ सेंट. काही नव्या यंत्रांत कार्ड चालतं आणि पेनी यंत्रातूनच येते. सोय झाली हे खरं, पण यंत्रातली पेनी जस्ताचीच असणार हे धरून चाला. अमेरिकेत चलनासाठी पेनी पाडणं १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बंद झालं आहे, तेव्हा १९८२ आधीच्या पेनी आतापासून बाजूला काढून ठेवलेल्या बऱ्या. असं नाणं चेपणं तिथे गुन्हा नाही, कायदा फसवणुकीच्या हेतूनं नाणं बिघडवण्याबद्दल आहे. जपानमध्ये मात्र चलनी नाण्याला इजा करायला १९४७ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून तिथली यंत्रं कोऱ्या चकत्यांवर ठसा मारतात.

आता फुकट गोष्टी. सिटी हॉलमध्ये पहिल्या भेटीचा, वाढदिवसाचा किंवा लग्नाचा बिल्ला मागितला की मिळतो, वर नाव मार्करनं लिहून देतात. कागदी नकाशाही तिथेच मागा. फोन हातात आल्यापासून तो प्रत्येकाच्या हातात आपोआप पडत नाही. भिंतीवर लावायचा मोठा नकाशा हा वेगळा प्रकार. सॅम मॅककिम यांनी १९५८ साली डिस्नेलँडचा पहिला विक्रीचा नकाशा काढला, आणि त्याचा जुना छाप घडीच्या रेषांवर न फाटलेला मिळाला तर तो पोस्टकार्डांच्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा जास्त काही सांगतो.

मार्क ट्वेन बोटीवर वरच्या सुकाणूच्या खोलीत बसायची परवानगी मिळू शकते. त्यासाठी बोट लागण्याआधी धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला विचारावं लागतं, बोटीवर चढल्यावर उशीर झालेला असतो. खोली लहान आहे, एका फेरीत थोडेच लोक मावतात आणि कामाच्या गर्दीत नकारही मिळतो. मिळालं तर घंटा वाजवता येते, वहीत सही करता येते आणि उतरताना बोट चालवल्याचं प्रमाणपत्र हातात पडतं. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममधली नदी आणि तिच्यावरची बोट जुलै २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या या खोलीची किंमत वाढली आहे.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या रेल्वे स्टेशनवर तारयंत्राचा कडकडाट चालू असतो. तो नुसता आवाज नाही, वॉल्ट डिस्ने यांच्या १९५५ च्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात अमेरिकी रेल्वेच्या जुन्या तारलिपीत वाजत असते. आज वापरात असलेला मोर्स कोड येणाऱ्याला ती लागत नाही, कारण काही अक्षरांच्या खुणा वेगळ्या आहेत. मार्केट हाउसमध्ये भिंतीवर जुने फोन आहेत, रिसीव्हर कानाला लावला की सामाईक लाइनवरच्या गप्पा ऐकू येतात. तिथे आता कॉफीसाठी रांग असते, आणि त्या रांगेतल्या फार थोड्या लोकांचं फोनकडे लक्ष जातं.

शेवटी सिलुएट, म्हणजे चेहऱ्याची छायाकृती, आणि पैसे देऊन घ्यायच्या गोष्टींत हीच सर्वांत सरस. कारागीर चेहऱ्याची बाजू पाहून काळा कागद थेट कात्रीनं कापतो. आधी पेन्सिलीची रेघ नाही, सावली पाडणं नाही. मिनिटभरात नाक, ओठ, हनुवटी आणि सुटलेली केसांची बट कागदावर उतरते. चित्र चांगलं यावं म्हणून टोपी आणि मिकीचे कान हवेत की नकोत ते बसण्याआधी सांगा, मध्ये सांगून उपयोग नसतो. मानेवर रुळणारे केस बांधून घ्या, नाहीतर हनुवटीखालची रेषा हरवते. लहान मुलाला समोर पाहायला काहीतरी द्या म्हणजे ते मान वळवणार नाही. अंडाकृती फ्रेमचे पैसे वेगळे पडतात. फ्रेम नको असेल तर कापलेला कागद जाड पुठ्ठ्यात सपाट ठेवूनच न्या, कारण पापणीसारखी बारीक टोकं पिशवीत सगळ्यात आधी दुमडतात आणि घडी पडली की सरळ होत नाहीत.