आमरस जेवून दिलेलं रक्त

रिपोर्ट खोटा नव्हता. रक्त कधी घेतलं, त्यात सगळी मेख होती. हे कळायला मला मिरजेच्या एका दवाखान्यात पाच दिवस पडून राहावं लागलं.

मी सांगलीत छोटा छापखाना चालवतो. वय 48. मार्चमध्ये उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, 380 निघाले. दीडशेच्या आत हवेत. आमच्या डॉक्टरांनी फेनोफायब्रेटची रोज एक गोळी दिली, साखर-मैदा कमी करायला आणि शनिवारची 'बैठक' बंद करायला सांगितलं. साखर आणि थायरॉइड तपासायची चिठ्ठीही दिली होती. ती पाकिटातच राहिली.

अक्षय्य तृतीयेला जवळच्या मंगल कार्यालयात 'मोफत हृदय तपासणी शिबिर' होतं. आदल्या रात्री बैठक झालेली, दुपारी आमरस-पुरी हाणलेली, आणि साडेतीनला मी रक्त दिलं. आकडा आला 468. पांढऱ्या कोटातला माणूस हळहळला, "महिनाभर गोळी खाऊन वाढलंय बघा काका! आता लिव्हरही घालवणार का?" जेवून आलात का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग 'आकडा उतरणारच' अशा हमीसकट किट निघालं. काढ्याची पावडर आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. एक किट 3,900 ला, तीन घेतली तर 9,900. पहिले पाच दिवस फक्त मुगाचं कढण आणि ताक, दारू वर्ज्य. सहाव्या दिवशी सकाळी त्यांचाच पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. 171! रिपोर्ट हातात नाचवत मी घरभर फिरलो आणि डॉक्टरांची गोळी बंद केली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं ते असं: हा आकडा जेवणाने वाढतो, गोड आणि दारूने उसळतो, आणि चार-पाच दिवस तोंड आवरलं की झपाट्याने उतरतो. म्हणजे त्या पाच दिवसांत काढ्याऐवजी साधं पाणी प्यालो असतो तरी उतरला असता. पहिली तपासणी भरल्या पोटी, दुसरी उपाशी. की झालं औषध सिद्ध.

पथ्य काही पाच दिवसांपुढे टिकलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर पोटाच्या वरच्या भागात अशी कळ आली की पाठीतून आरपार गेल्यासारखी. स्वादुपिंडाला सूज. लॅबवाल्याने नमुना दाखवला तर रक्तातलं पाणी पातळ दुधासारखं पांढरं. ट्रायग्लिसराइड्स 1,460. पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका सुरू होतो आणि हजारानंतर तो फारच वाढतो. तोंडाने काही नाही, नुसतं सलाइन आणि इन्शुलिन. तिथेच कळलं की मला मधुमेह आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 9.2 टक्के. चरबी वाढण्याचं मोठं कारण तेच होतं, पाकिटातल्या चिठ्ठीत.

घरी आल्यावर डबा नीट वाचला. आता हसा मला, कारण असली लेबलं मी स्वतः छापतो आणि नको तो मजकूर मागे बारीक टाइपात कसा ढकलतात, ते मला ठाऊक आहे. पुढे ठळक '1000 मिलिग्रॅम'. मागे ईपीए 180, डीएचए 120. म्हणजे कामाचं ओमेगा-3 फक्त 300. डॉक्टर उपचार म्हणून देतात तेव्हा दिवसाला 2 ते 4 ग्रॅम देतात. या कॅप्सूलनी 2 ग्रॅम भरायला रोज सात लागतील. मी दोन घेत होतो. खाली, इंग्रजीत, 'औषधी वापरासाठी नाही'. बिलावरही 'फूड सप्लिमेंट'. तोंडाने दिलेली हमी कुठेच छापलेली नव्हती.

किटवाल्यांचा फोन अर्थातच बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. सोबत बिल, दोन्ही रिपोर्ट आणि शिबिराचं पत्रक जोडलं. दोन्ही रिपोर्टांवर रक्त घेतल्याची वेळ आहे, तेवढीच माझ्या हातातली बाजू.

फेनोफायब्रेट पुन्हा चालू आहे, मधुमेहाच्या गोळ्या आहेत, बैठक बंद. परवाचा आकडा 196, बारा तास उपाशी राहून, नेहमीच्याच लॅबमध्ये. तिसरं किट सील न फोडता प्रेसच्या कपाटात ठेवलंय, तपासणीला मागतील म्हणून. बायको रोज म्हणते, फेकून द्या ते.