दोन एफ की तीन एफ? ठासणीच्या रायफलीसाठी दारू निवडताना

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा खास चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो. त्यासाठी पहिली .५० कॅलिबरची (नळीचा व्यास अर्धा इंच) रायफल घेतली की दुकानात अडतं ते इथेच: बंदुकीच्या काळ्या दारूचा दोन एफचा डबा घ्यायचा की तीन एफचा?

एफ म्हणजे फाइन. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. माल एकच, सोरा-कोळसा-गंधक. फरक फक्त चाळणीचा, रव्यासारखा. दोन एफ म्हणजे लापशीचा रवा, साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटर. तीन एफ उपम्याचा, ०.३ ते ०.८५. बारीक दारू भरभर जळते आणि नळीत दाब जास्त चढतो, म्हणून बंदुकीच्या पुस्तिकेतलं माप दोन एफचं असेल तर तीन एफ १० ते १५ टक्के कमी घ्यायची. पुस्तिकेतल्या कमाल मापाच्या वर मात्र कशातच जायचं नाही.

(हे माप ग्रेनमध्ये असतं. ७० ग्रेन म्हटलं की नवखा दाणे मोजायला बसतो! ग्रेन हे वजन आहे, पौंडाला ७०००. दाण्याच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.)

टोकाच्या बंदुकांचं सोपं आहे. ब्राउन बेससारखी (जुन्या ब्रिटिश सैन्याची) .७५ची मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची लांब बंदूक, असेल तर दोन एफ, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर तीन एफ. घोळ होतो तो .५०ला, कारण तिथे दोन्ही चालतात. माझं मत तीन एफकडे. काजळी कमी धरते, आणि तीच चिमूटभर कानाशेजारच्या (नळीच्या बाजूच्या छिद्राशेजारच्या) पेल्यात रंजक, म्हणजे आधी पेटणारी दारू, म्हणून चालते, म्हणजे एका डब्यात काम भागतं. चार एफ रंजकासाठी सर्वांत झटपट पेटते हे खरं, पण ती फक्त पेल्यात. नळीत कधीच नाही. आणि आधुनिक बिनधुराची दारू तर या बंदुकीच्या आसपासही नको.

घरात .५८ची रायफलही असेल तर मात्र दोन एफ घ्या. डबा एकच लागेल, पण चार-पाच बारांनंतर गोळी खाली ढकलताना गज अडखळायला लागेल. तेव्हा जोर लावू नका, ओलसर चिंधी फिरवा, मग कोरडी, आणि पुढची दारू मापाच्या भांड्यातूनच ओता. थेट डब्यातून ओतलीत आणि नळीत ठिणगी उरलेली असली, तर पेटेल तो हातातला डबा.