निकोटिनचा गम: तलफेवर कितपत चालतो?

सिगारेट सोडू पाहणाऱ्याला औषधाच्या दुकानात सर्वांत सहज मिळणारी मदत म्हणजे निकोटिनचा गम. २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी चिठ्ठी लागते. पुदिना, पान, दालचिनी अशा चवींमुळे हा गम काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांशेजारी इतका निरुपद्रवी दिसतो, की ते औषध आहे हे ग्राहकाच्याच काय, कधी कधी दुकानदाराच्याही लक्षात राहत नाही. ‘घेऊन पाहिला, काही फरक पडला नाही’ ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार माझ्या मते याच गैरसमजातून येते. मी एकाहून अधिक कंपन्यांचे गम वापरले आहेत. मूळ औषध एकच असल्यामुळे हा अभिप्राय कोणत्याही एका छापाविषयी नाही.

गमकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घेतले पाहिजे. झुरका घेतल्यावर निकोटिन फुफ्फुसांतून मेंदूपर्यंत १० ते २० सेकंदांत पोहोचते. गममधील निकोटिन मात्र तोंडाच्या आतल्या अस्तरातून हळूहळू रक्तात उतरते, त्याची पातळी वर जाण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि २ मिलिग्रॅमपैकी साधारण निम्मेच शरीराच्या वाट्याला येते. त्यामुळे तलफ शिगेला पोहोचल्यावर गम तोंडात टाकून झुरक्यासारख्या सुखाची वाट पाहत बसणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार. तलफेचा एक झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तेवढ्या वेळात गमचा अंमल पुरता सुरूही झालेला नसतो. म्हणूनच पहिल्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक गम घ्यावा, असे वेळापत्रक दिलेले असते. तलफ येवो न येवो, घड्याळाकडे पाहून गम घेतला की रक्तातील निकोटिन फार खाली जात नाही आणि पुढचा झटका सौम्य येतो. माझा अनुभव असा, की वेळापत्रकाने घेतलेला गम उपयोगी पडतो आणि अडीअडचणीला घेतलेला गम जेमतेम समाधान देतो.

दुसरा मुद्दा चघळण्याच्या रीतीचा. हा गम नेहमीच्या च्युइंग गमसारखा सतत चावायचा नसतो. सावकाश चावत गेल्यावर मिरमिरणारी, तिखटसर चव येऊ लागली की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा थोडा चावायचा आणि मग जागा बदलून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असे सुमारे अर्धा तास चालते. तंबाखूची चिमूट गालात धरणाऱ्यांना हे तंत्र शिकवावे लागणार नाही. भराभर चावल्यास निकोटिन एकदम सुटून लाळेबरोबर पोटात जाते, तेथून यकृतात पोहोचल्यावर त्याचा बराचसा भाग निकामी होतो, आणि हाती उरते ती उचकी, घशातली जळजळ व मळमळ. पाकिटातील माहितीपत्रकावर हे सारे छापलेले असते, परंतु इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचायला भिंग लागावे. विक्री करणाऱ्यांनी निदान ही एवढी सूचना मोठ्या टाइपात आणि मराठीतही छापायला हवी.

तथापि आपल्याकडे गमचा खरा शत्रू चहा आहे. गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत काहीही खाऊ-पिऊ नये, असा नियम आहे. त्यामागचे कारण असे, की निकोटिन हे अल्कधर्मी द्रव्य असून तोंड आम्लधर्मी झाल्यास ते अस्तरातून आत शिरत नाही. कॉफी किंवा कोलासारखे पेय आधी प्यायल्यास गमचा परिणाम जवळजवळ पुसला जातो, आणि लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबतालाही तोच न्याय लागू होतो. तोंडातील आम्लता कमी राहावी म्हणून गममध्ये सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात. तंबाखूला चुना चोळण्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे, फक्त तेथे ते शास्त्र माणसाला व्यसनात अडकवण्याच्या कामी येते. आता गंमत अशी, की आपल्याकडे सिगारेटची तलफ बहुतेक वेळा चहाबरोबरच येते. कार्यालयातून खाली टपरीवर जायचे, कटिंग घ्यायचा आणि त्याच्या जोडीने सिगारेट पेटवायची, या क्रमात सिगारेटच्या जागी गम बसत नाही. एक तर गम चहाच्या बऱ्याच आधी संपवावा, किंवा चहा झाल्यावर तोंड धुऊन पंधरा मिनिटे थांबावे. मला पहिला मार्ग अधिक जमण्यासारखा वाटतो, कारण चहानंतरची ती पंधरा मिनिटेच सर्वांत कठीण असतात.

कोणत्या ताकदीचा गम घ्यावा, याची प्रचलित कसोटी सोपी आहे: सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, अन्यथा २ मिलिग्रॅम. चिठ्ठीचा त्रास टाळण्यासाठी भरपूर ओढणारेही २ मिलिग्रॅमवर भागवू पाहतात आणि मग गमलाच नावे ठेवतात. अशांनी डॉक्टरांकडे एक फेरी मारलेली बरी. तेथे निकोटिनच्या पट्टीचाही विचार होऊ शकतो. त्वचेवर चिकटवलेली पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन देत राहते आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम हाताशी राहतो. एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पट्टीपेक्षा ही जोडी अधिक परिणामकारक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. गर्भवतींनी, तसेच नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये. कवळी असणाऱ्यांना तो दाताला चिकटून त्रास देतो. त्यांच्यासाठी चघळण्याच्या गोळ्या आहेत.

हा गम मूळचा स्वीडनचा. पाणबुडीत धूम्रपानाची बंदी असल्याने तेथील खलाशी तोंडात ठेवण्याच्या तंबाखूकडे वळतात, या निरीक्षणातून तेथील संशोधकांना त्याची कल्पना सुचली. १९७८ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये व १९८४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा गम व पट्टी यांचा समावेश आहे. अशा उपचारांनी सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, असे एकत्रित अभ्यास सांगतात. हा आकडा उत्साहवर्धक असला तरी गम घेणाऱ्यांपैकी बरेच जण पुन्हा सिगारेटकडे वळतात हेही त्यातच आले. पाकिटावरच्या जाहिरातीतला हसरा चेहरा ते सांगत नाही.

गम शरीराची मागणी भागवतो, परंतु रिकाम्या हाताचे, जेवणानंतर गॅलरीत जाण्याच्या सवयीचे आणि ‘चल, एक मारून येऊ’ म्हणणाऱ्या मित्राचे काय करायचे, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रासारख्या संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या, आणि २०१८ पासून हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापला जातो. अडचण अशी, की टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट कधी येतच नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, तरीही कोणत्याही नाक्यावर घटकाभर उभे राहिल्यास त्या बंदीची किंमत कळते.

बाराव्या आठवड्यापर्यंत गमची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करत आणणे अपेक्षित असते. काही जणांना मग गमचीच सवय लागते. धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसल्याने ती सवय सिगारेटपेक्षा कितीतरी कमी घातक आहे, म्हणून मी तिला गमचा मोठा दोष मानत नाही. घाईने गम थांबवून सिगारेटकडे परतण्यापेक्षा चार आठवडे अधिक घेतलेले परवडतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोठे पाकीट न घेता आधी लहान घ्यावे, आणि पहिल्या खेपेस पुदिन्याची चव निवडावी. पानाची चव सुरुवातीस आवडते, पण ज्यांना पानात तंबाखू घालण्याची सवय होती त्यांना ती नको ती आठवण करून देते. घरात लहान मुले असतील तर पाकीट उंच कपाटात ठेवावे, कारण दिसायला आणि वासाला ते गोळ्या-चॉकलेटांपेक्षा वेगळे नसते.