सी-१० घ्यायची तर ॲरिझोनाची की मिशिगनची?

१९६७ ते १९७२ दरम्यानची शेव्हरोले सी-१० पिकअप शोधताना रंगापेक्षा आधी गाडी अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात राहिली ते विचारा.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दाराखालच्या पट्टीत आणि पायाखालच्या पत्र्यात साचतं, आणि पत्रा आतून खात सुटतं. बाहेरून चकाचक दिसलं तरी पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक तिथे फिरवून बघा. ते चिकटलं नाही, तर खाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलीय. अशी गाडी स्वस्त मिळते खरी, पण वेल्डिंगचं बिल आलं की ती स्वस्ताई संपते.

कोरड्या, वाळवंटी ॲरिझोनाच्या गाडीचा पत्रा बहुधा ठणठणीत, बाकी सगळं उन्हानं भाजलेलं: डॅशबोर्डला भेगा, सीट फाटलेली, दार-काचांची रबरं कडक. पण हे सुटे भाग नवे मिळतात. वाहतूक खर्च धरूनही मी हीच घेईन. मात्र वाळवंटातल्या पत्त्यावर भुलू नका. गाडी तिथे कधी आली तेही विचारा.

रंगाचं म्हणाल, तर ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत कारखान्याचं स्टिकर शाबूत असेल, तर मूळ रंग त्यावर सापडतो. मूळ रंगच द्यायचा की पांढऱ्या छताची दुरंगी जोडी? उन्हाच्या प्रदेशात पांढरं छत कमी तापतं, म्हणून माझा कल दुरंगीकडे. मेटॅलिक नकोच, ओरखडा पडला की तेवढाच तुकडा जुळवताना पेंटरही वैतागतो.