डुकरांची तपासणी: लाळ घ्यावी की रक्त?

घरामागे पाच-सहा डुकरं आहेत आणि त्यातलं एक तापानं पडलंय, तर लाळेसाठी दोर बांधत बसू नका, रक्तच घ्या. पण शेडमध्ये 25-30 पिल्लांचे कप्पे असतील आणि पीआरआरएस (डुकरांच्या प्रजननाचा आणि श्वसनाचा विषाणूजन्य रोग) किंवा इन्फ्लूएंझा कळपात फिरतोय का, एवढंच पाहायचं असेल, तर माझं मत लाळेच्या बाजूनं आहे.

रक्त काढायचं तर वरच्या जबड्याला फास लावून जनावर धरावं लागतं. मानेतली शीर खोल असते, ती वरून दिसत नाही; हात बसलेला माणूसच हवा. त्यात डुक्कर किंचाळतं आणि सगळा कप्पा बिथरतो. लाळेला यातलं काही लागत नाही. सुती दोर पिल्लांच्या खांद्याच्या उंचीवर लोंबता बांधायचा, की ती आपणहून चघळायला येतात. 20 ते 30 मिनिटांत दोर चिंब होतो. नायलॉनचा दोर नको, तो लाळ शोषतच नाही. सकाळी, खाद्य घालण्याआधी बांधलेला बरा. शेणाच्या कोपऱ्यापासून आणि पाण्याच्या निपलपासून लांब.

मग ओलं टोक स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरूनच घट्ट पिळायचं. तळाशी गढूळ, फेसाळ लाळ साठते. पिशवीचा कोपरा कापून ती नळीत ओतायची. प्रत्येक कप्प्याला नवा दोर, नवी पिशवी, नवे हातमोजे. यात आळस केला तर एका कप्प्यातला विषाणू दुसऱ्याच्या नळीत दिसेल.

खरी कसोटी यापुढे आहे. लाळेत जिवाणू असतात, उष्ट्या खाद्याचे कण असतात. नमुना उन्हात राहिला तर विषाणूचं आरएनए, म्हणजे तपासणीत शोधलं जाणारं त्याचं जनुकीय द्रव्य, झपाट्यानं नासतं. नळी लगेच बर्फात ठेवा आणि 24 तासांत पोचवा. जमणार नसेल तर गोठवा. शीतपेटीची सोय नसेल तर लाळेच्या वाटेला जाऊ नये. लाळेत प्रतिपिंडंही (रोगाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) रक्तापेक्षा बरीच कमी असतात, म्हणून ती मोजणाऱ्या रक्ताच्या एलायझा चाचणीचे निकष तिला तसेच लावता येत नाहीत. प्रयोगशाळा लाळ तपासते का, हे दोर विकत आणण्याआधीच विचारून घ्या.

लाळेचा मोठा दोष म्हणजे निकाल अख्ख्या कप्प्याचा येतो, बाधित जनावर कोणतं ते कळत नाही. शिवाय फार आजारी डुक्कर दोराकडे फिरकतच नाही.

म्हणूनच आफ्रिकन स्वाइन फीव्हरची शंका आली तर मी लाळेवर विसंबणार नाही. हा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आढळला. त्यावर उपचार नाही. त्याचा विषाणू साधारणपणे रक्तात आधी सापडतो, लाळेत नंतर. चढता ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे चट्टे, पाठोपाठ मरतूक दिसली, की सरकारी पशुवैद्यकाला कळवा. आजारी जनावराचं रक्त ते इडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) नळीत घेऊन तपासणीला पाठवतील. निकाल येईपर्यंत एकही डुक्कर, मांस किंवा उरलेलं खाद्य शेडबाहेर जाऊ देऊ नका.